आवर्तसारणी उभी वाचायची असते

दहावी-अकरावीची मुलं असलेल्या बडोद्यातल्या कुठल्याही मराठी घरात परीक्षेच्या दिवसांत एक हिंदी मंत्र ऐकू येतो : "हे लीना, कर रब से फरियाद." शाळा गुजराती माध्यमाची असो की इंग्रजी, घर दांडिया बाजारात असो की मांजलपुरात, मंत्र हाच. हायड्रोजन, लिथियम, सोडियम, पोटॅशियम, रुबिडियम, सीझियम आणि फ्रान्शियम यांच्या चिन्हांची ती माळ आहे. पुढे "बेटा माँगे कार, स्कूटर, बाप राजी" हा बेरिलियम ते रेडियमचा, आणि "फिर कल बाहर आई आंटी" हा फ्लोरीन ते अ‍ॅस्टॅटिनचा.

काही शिक्षक याला नाक मुरडतात. मला हे मंत्र आवडतात, कारण ज्यांनी कोणी ते रचले त्यांना आवर्तसारणीचं मर्म कळलेलं होतं. तिन्ही मंत्र उभे आहेत, वरून खाली जाणारे. वर्गात मात्र पहिली वीस मूलद्रव्यं आडवी घोकून घेतली जातात. आडव्या पाठांतराने क्रमांक लक्षात राहतात, त्याचाही उपयोग आहेच. पण कोण कोणासारखं वागतं, हे उभ्या रकान्यांत दडलेलं असतं. या रकान्यांना पुस्तकात 'गण' म्हणतात, ते १८ आहेत. आडव्या ओळी म्हणजे 'आवर्त', त्या ७. आणि भरलेली घरं ११८.

एका गणात असणं म्हणजे नेमकं काय, हे बघायला बडोदेकरांना लांब जावं लागत नाही. छाणी ओलांडून बाजवा-रणोलीकडे निघालं की रासायनिक मालाचे टँकर लागतात. त्यांच्यावरच्या धोक्याच्या पाटीवर चार आकडे असतात. १८२४ असेल तर आत कॉस्टिक सोड्याचं द्रावण, ज्याला कारखान्यात 'लाय' म्हणतात. १०१७ असेल तर क्लोरीन. रणोलीला १९७३ साली स्थापन झालेल्या गुजरात अल्कलीज अँड केमिकल्सचा कारखाना आहे आणि वरच्या दोन्ही गोष्टी तिथे एकाच कच्च्या मालातून निघतात : मीठ. देशातलं सगळ्यात जास्त मीठ गुजरातच पिकवतो, तेव्हा हा धंदा इथे रुजला यात नवल नाही.

मिठाच्या संपृक्त पाण्यातून वीज सोडली की एका बाजूला क्लोरीन वायू सुटतो, दुसऱ्या बाजूला हायड्रोजन वायू आणि कॉस्टिक सोडा. हा कॉस्टिक सोडा साबण, कागद, कापड, अ‍ॅल्युमिनियम अशा असंख्य ठिकाणी जातो. आता या मिठाच्या जागी पोटॅशियम क्लोराईड घाला. यंत्रणा त्याच तत्त्वाची, क्लोरीन तसाच सुटतो, हायड्रोजनही तसाच. फक्त कॉस्टिक सोड्याऐवजी हाती कॉस्टिक पोटॅश येतं. तेही तितकंच दाहक, तितकंच बुळबुळीत, चामडी तितकीच भाजणारं. सोडियमच्या जागी त्याच्या खालच्या घरातला भाऊ ठेवला आणि रसायनाची गोष्ट जवळपास तशीच राहिली. एका गणात असण्याचा व्यवहारातला अर्थ हा.

शेजारचं आडवं घर ठेवलं असतं तर? सोडियमच्या उजवीकडे मॅग्नेशियम बसतं. मॅग्नेशियम क्लोराईडचं द्रावण त्या यंत्रणेत घातलं तर मॅग्नेशियम हायड्रॉक्साईडचा न विरघळणारा पांढरा गाळ बसेल आणि सगळं चोंदून जाईल. एक घर उजवीकडे सरकलं की वागणूक बदलते. खाली सरकलं की टिकते.

असं का, याचं उत्तर अणूच्या बाहेरच्या अंगाला मिळतं. भिंतीवरचं कॅलेंडर डोळ्यांसमोर आणा, ज्यात वार वरच्या ओळीत लिहिलेले असतात. तारखा आडव्या धावतात, पण सगळे सोमवार एकाखाली एक येतात आणि डब्यात काय न्यायचं, शाळेला सुट्टी आहे का, हे तारखेपेक्षा वारावर ठरतं. आवर्तसारणीत तारीख म्हणजे अणुक्रमांक, अर्थात अणुकेंद्रकातल्या प्रोटॉनची संख्या. आणि वार ठरतो तो सगळ्यात बाहेरच्या कवचात किती इलेक्ट्रॉन आहेत त्यावरून. फरक एवढाच की इथले 'आठवडे' सारख्या लांबीचे नाहीत. पहिला दोन घरांचा, मग आठ, आठ, अठरा, अठरा, बत्तीस, बत्तीस.

ही विचित्र लांबी येते कवचं भरण्याच्या पद्धतीतून. पहिल्या कवचात २ इलेक्ट्रॉन मावतात, दुसऱ्यात ८. सोडियमचा क्रमांक ११, म्हणून त्याची मांडणी २, ८, १. पोटॅशियम १९ : २, ८, ८, १. लिथियम ३ : २, १. तिघांच्याही बाहेरच्या कवचात एकुलता एक इलेक्ट्रॉन आहे आणि तो सोडून द्यायला तिघंही उतावीळ. क्लोरीन १७ : २, ८, ७. भरलेल्या आठांना एक कमी, म्हणून तो दुसऱ्याचा इलेक्ट्रॉन ओढायला टपलेला. दोन्ही एकत्र आले की देवघेव होते आणि मीठ तयार होतं. कारखाना ही देवघेव वीज वापरून उलटी फिरवतो, पण पुरती नाही. सोडियमला त्याचा इलेक्ट्रॉन परत घ्यायला लावणं इतकं अवघड आहे की द्रावणातलं पाणीच तो आधी घेतं आणि हायड्रोजन होऊन उडून जातं. म्हणून तिथे सोडियम धातू मिळत नाही. तो हवा असेल तर पाणी टाळून वितळलेल्या मिठातून वीज सोडावी लागते.

आता एकाच गणात वरून खाली उतरलं की स्वभाव तोच राहतो, तीव्रता बदलते. अल्क धातूंमध्ये खाली जावं तसा तो एकटा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून दूर जातो, आतल्या कवचांच्या आडोशामुळे केंद्रकाची पकडही सैल होते, त्यामुळे तो आणखी सहज सुटतो. लिथियम पाण्यात टाकला तर शांतपणे बुडबुडे येतात. सोडियमची वितळून गोळी होते आणि ती पाण्यावर सैरावैरा पळते. पोटॅशियम जांभळट ज्वाला धरतो. सीझियमच्या बाबतीत भांडं फुटतं. सोडियम आणि पोटॅशियम रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात. लिथियम मात्र इतका हलका की रॉकेलवर तरंगतो, त्याची वेगळी सोय करावी लागते.

आंटीच्या गणात, म्हणजे हॅलोजनांमध्ये, हे नेमकं उलटं. त्यांना इलेक्ट्रॉन ओढायचा असतो, तेव्हा कवच केंद्रकाच्या जितकं जवळ तितकी ओढ जबर. म्हणून सगळ्यात वरचा फ्लोरीन सगळ्यात आक्रमक, आयोडीन बराच मवाळ. दिसायलाही उतरंड आहे : फ्लोरीन फिकट पिवळा वायू, क्लोरीन हिरवट पिवळा वायू, ब्रोमीन तांबूस तपकिरी द्रव, आयोडीन काळपट चकचकीत स्थायू.

या उतरंडीवर गुजरातेत एक सबंध धंदा उभा आहे. मिठागरात मीठ काढून घेतल्यावर जे कडवट पाणी उरतं, त्यात ब्रोमाईड असतं. त्यात क्लोरीन सोडला की क्लोरीन ब्रोमाईडचा इलेक्ट्रॉन हिसकावून घेतो आणि ब्रोमीन मोकळा होतो. कच्छमध्ये ब्रोमीन असाच काढतात. उलट करून बघा, क्लोराईडच्या पाण्यात ब्रोमीन घाला, काहीही होणार नाही. गणातल्या वरच्याने खालच्याला हुसकावायचं, खालच्याने वरच्याला नाही. पुस्तकात ही 'विस्थापन अभिक्रिया' म्हणून दोन गुणांना येते आणि मुलं ती दोन गुणांपुरतीच लक्षात ठेवतात.

गणबंधूंची ही सारखेपणाची खोड शरीरालाही फसवते. स्ट्रॉन्शियम कॅल्शियमच्या थेट खाली बसतं, म्हणून अणुस्फोटातून निघालेलं किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम-९० हाडांत जाऊन बसतं. शरीर त्याला कॅल्शियम समजतं. सीझियम-१३७ पोटॅशियमच्या वाटेने स्नायूंत शिरतं. आर्सेनिक फॉस्फरसच्या खाली आहे, आणि त्याच्या विषारीपणाचं एक कारण हेच की पेशींच्या कामात ते फॉस्फेटच्या जागी घुसतं.

हे सगळं इलेक्ट्रॉनांवरून सांगणं आज सोपं आहे. आवर्तसारणी तयार झाली तेव्हा इलेक्ट्रॉन कोणाला ठाऊकच नव्हता. १८६९ साली सेंट पीटर्सबर्गच्या दिमित्री मेंडेलीव्हजवळ ६३ मूलद्रव्यं, त्यांचे अणुभार आणि ती कोणाशी कशी संयोग पावतात याची माहिती, एवढंच होतं. अणुभाराच्या चढत्या क्रमाने मांडत गेल्यावर गुणधर्म ठरावीक अंतराने परत येतात, हे त्याच्याआधीही काहींच्या लक्षात आलं होतं. डोबेरायनरची त्रिकं, न्यूलँड्सची अष्टकं शाळेत आपण वाचलेली असतात. मेंडेलीव्हचं मोठेपण वेगळ्या गोष्टीत आहे : स्वभाव जुळत नसेल तर त्याने घर रिकामं सोडलं, आणि त्या घरात कोण येणार त्याचं वर्णनही लिहून ठेवलं.

अ‍ॅल्युमिनियमखालच्या रिकाम्या घराला त्याने नाव दिलं 'एका-अ‍ॅल्युमिनियम', आपल्या संस्कृतातला 'एक' उचलून. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये लकॉक द ब्वाबोद्रां याला गॅलियम सापडलं. त्याने घनता मोजली ४.७. मेंडेलीव्हने कळवलं की नमुना शुद्ध नसावा, घनता ५.९ च्या आसपास असायला हवी. धातू नीट शुद्ध करून पुन्हा मोजली, ५.९ निघाली. ज्याने तो धातू डोळ्यांनी पाहिलाही नव्हता त्याने पाहणाऱ्याची चूक दाखवली होती! (गॅलियम २९.८ अंशांना वितळतं. बडोद्याच्या मे महिन्यात ते टेबलावर ठेवलं तर पाऱ्यासारखं पळेल.) पुढे १८७९ मध्ये स्कँडियम आणि १८८६ मध्ये जर्मेनियम त्यांच्या राखून ठेवलेल्या घरांत येऊन बसली. जर्मेनियमचा अणुभार त्याने ७२ सांगितला होता, मोजला तेव्हा ७२.६ च्या आसपास आला.

पण एक खडा टोचत होता. टेल्युरियमचा अणुभार १२७.६, आयोडीनचा १२६.९. भाराप्रमाणे आयोडीन आधी यायला हवं. तसं केलं तर आयोडीन गंधकाच्या गणात जातं आणि टेल्युरियम क्लोरीनच्या, जे उघडउघड चूक. मेंडेलीव्हने स्वभावाला मान दिला, टेल्युरियम आधी ठेवलं आणि म्हटलं की त्याचा भार चुकीचा मोजला गेला असणार. जागा त्याने बरोबर निवडली, कारण मात्र चुकलं; भार बरोबरच होता.

हा खडा काढला हेन्री मोझ्ली या तरुण इंग्रजाने. १९१३ मध्ये त्याने वेगवेगळ्या मूलद्रव्यांमधून निघणाऱ्या क्ष-किरणांची वारंवारता मोजली आणि तिच्या वर्गमुळात एकेका पायरीची सरळ चढण सापडली. ही पायरी म्हणजेच अणुक्रमांक. टेल्युरियम ५२, आयोडीन ५३, भार काहीही असो. ४३, ६१, ७५ ही घरं रिकामी आहेत, हेही त्याच्या मोजणीतून दिसलं. पहिल्या महायुद्धात १९१५ साली गॅलिपोलीला तो मारला गेला, वय २७. सराफाकडे सोन्याचा कस दाखवणारं जे यंत्र असतं ते आजही याच तत्त्वावर चालतं : क्ष-किरण टाकायचे, परत आलेल्या किरणांवरून आत कोण आहे ते ओळखायचं. २२ कॅरेटच्या पाटलीत ते सोन्याबरोबर बहुधा तांबं आणि चांदी दाखवतं, आणि ही तिघं आवर्तसारणीत एकाखाली एक आहेत, अकराव्या गणात.

भार ही ओळख नाही, क्रमांक ही ओळख, याचा पुरावा बडोद्याच्या फर्टिलायझरनगरशेजारीही आहे. तिथे १९७० च्या दशकात जड पाण्याचा प्रकल्प उभारला गेला, खतकारखान्याच्या अमोनियासाठीच्या वायूतून ड्युटेरियम वेगळं काढणारा. निसर्गात हायड्रोजनचे साधारण साडेसहा हजार अणू असले तर त्यातला एक ड्युटेरियमचा. तो साध्या हायड्रोजनच्या दुप्पट जड, तरी प्रोटॉन एकच, म्हणून आवर्तसारणीत त्याला वेगळं घर नाही.

हायड्रोजनचा विषय निघाला की माझी भाची हमखास हरकत घेते. "मामा, हा तर वायू आहे. सोडियम-पोटॅशियमच्या डोक्यावर याला कोणी बसवलं?" हरकत रास्त आहे. बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन आहे म्हणून तो पहिल्या गणात. पण कवच भरायला एकच कमी आहे, म्हणून हॅलोजनांशीही त्याचं नातं लागतं, आणि सोडियमसारख्या धातूबरोबर तो खरंच क्लोरीनसारखा इलेक्ट्रॉन घेऊन बसतो. काही तक्त्यांत त्याला कुठल्याच गणाला न चिकटवता वर मधोमध टांगलेला असतो. माझ्या मते तोच प्रामाणिक तक्ता. हेलियमची अडचण उलट बाजूची : बाहेर दोन इलेक्ट्रॉन, म्हणजे हिशेबाने मॅग्नेशियमच्या गणात, पण त्याचं कवच भरलेलं आहे आणि तो कोणाशीही बोलत नाही, म्हणून त्याला राजवायूंमध्ये बसवतात. इथे मोजणीपेक्षा स्वभाव मोठा ठरला.

राजवायूंचा अठरावा गण तर मेंडेलीव्हच्या तक्त्यात नव्हताच. बडोदा कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी सयाजीरावांच्या पाठबळावर १८९० साली कलाभवन सुरू केलं, तेव्हा जगातल्या कुठल्याही वर्गात तो रकाना शिकवला जात नव्हता. रॅले आणि रॅम्झी यांना १८९४ मध्ये हवेतून काढलेला नायट्रोजन रसायनांतून काढलेल्यापेक्षा किंचित जड का, याचा शोध घेताना आरगॉन सापडला. हवेचा जवळपास एक टक्का भाग तो आहे आणि आपण तो सतत नाकातून आत-बाहेर करत होतो. मेंडेलीव्हला आधी हे पटेना. पण १८९८ पर्यंत निऑन, क्रिप्टॉन, झेनॉन मिळाले आणि सबंध नवा रकाना कडेला जोडावा लागला. बाकीची एकही चौकट हलली नाही.

गण म्हणजे हुबेहूब साम्य, असं मात्र समजू नये. चौदाव्या गणात वर कार्बन आहे, पेन्सिलीतला आणि हिऱ्यातला; त्याखाली सिलिकॉन आणि जर्मेनियम हे धातुसदृश; मग कथील आणि शिसं, अस्सल धातू. बाहेर चार इलेक्ट्रॉन सगळ्यांनाच, पण खाली जाताना अणू मोठा होतो, पकड ढिली पडते आणि धातूपणा वाढत जातो. म्हणूनच तक्त्यात उजव्या अंगाला, बोरॉनपासून खाली उतरणारी पायऱ्यांची एक तिरकी रेघ दिसते. तिच्या डावीकडे धातू, उजवीकडे अधातू, रेघेवर दोन्हीकडचे.

मधले दहा रकाने, तिसरा ते बारावा, जरा वेगळ्या वृत्तीचे. तिथे नवा इलेक्ट्रॉन बाहेरच्या कवचात न जाता आतल्या अर्धवट भरलेल्या कवचात जातो. बाहेरचा चेहरा फारसा बदलत नाही, त्यामुळे इथे आडवे शेजारीही एकमेकांसारखे : लोह, कोबाल्ट, निकेल बघा. हेच धातू इलेक्ट्रॉन कमी-जास्त देऊ-घेऊ शकतात, म्हणून उत्प्रेरकांत त्यांना मागणी. कोयलीसारख्या तेलशुद्धीकरण कारखान्यांत नाफ्त्याचा ऑक्टेन वाढवायला प्लॅटिनम, गंधक काढायला कोबाल्ट किंवा निकेलबरोबर मॉलिब्डेनम वापरतात. तळाशी वेगळ्या काढलेल्या दोन ओळी त्याहून आतलं कवच भरणाऱ्यांच्या. खरं तर त्या मधेच बसायला हव्यात, कागद पुरत नाही म्हणून खाली उतरवल्या. त्यातली दुसरी ओळ १९४० च्या दशकात ग्लेन सीबोर्गने वेगळी केली. त्याआधी युरेनियम टंगस्टनच्या खाली छापलेलं असे.

जुन्या पुस्तकांत गणांना रोमन आकडे आणि 'अ-ब' असत, त्यात युरोपचा क्रम एक, अमेरिकेचा दुसरा. १९८० च्या दशकात आंतरराष्ट्रीय रसायन संघटनेने १ ते १८ ही सरळ मोजणी सुचवली, आता तीच चालते.

सातवी ओळ २०१६ मध्ये नावांसकट पूर्ण झाली. शेवटच्या ११८ व्या घरात ओगॅनेसन आहे, राजवायूंच्या तळाशी. त्याचे जेमतेम काही अणू बनवले गेलेत आणि तेही मिलिसेकंदभरात मोडले. पण आकडेमोड सांगते की ते साध्या तापमानाला वायू नसून स्थायू असावं. इतक्या जड अणूत इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाशी तुलना होईल इतक्या जोराने फिरतात आणि त्यामुळे कवचांची ठेवणच बदलते. सोन्याचा पिवळा रंग आणि पाऱ्याचं पातळ असणं हेही याच परिणामाचे नमुने.

जपानच्या रिकेन संस्थेत ११९ वं मूलद्रव्य बनवायचे प्रयत्न चालू आहेत. बनलं तर क्रमाने ते फ्रान्शियमच्या खाली, पहिल्या गणात येईल. खाली जावं तसा इलेक्ट्रॉन सैल, हा त्या गणाचा नियम सीझियमपर्यंत चालतो. फ्रान्शियमचा इलेक्ट्रॉन मोजला तेव्हा तो सीझियमपेक्षा थोडा घट्टच निघाला, आणि ११९ चा त्याहूनही घट्ट असेल असं गणित सांगतं.